चारशे सतरा

धरमपेठेच्या टेबलावर तीनदा वाजावं,
कुणी उचललं नाही तर कळमन्याला, शीतगृहात, तीनदा,
आणि तिथं सगळे मिरचीची पोती मोजण्यात असले
तर कॉल जावा चारशे एक्काहत्तरला,
जिथं माणूस नाही, सगळ्यांची मिळून एक निरोपपेटी आहे.
कुठूनही निरोप ठेवा, कुठूनही ऐका.
मीच जोडलं होतं हे. तीन गावं म्हणजे एकच टेबल,
असं मी मालकाला समजावलं होतं, चहा गार होईपर्यंत.

अकरा महिन्यांनी केळझरकर मॅडमचा फोन.
पेटी बिघडली आहे. एकही निरोप नाही.
आणि गंमत म्हणजे एकही तक्रार नाही.

मे महिना. कूलरच्या खसाला वास सुटलेला,
सर्व्हरच्या खोलीत मी आणि एक पाल.
यादी उघडली. सातवी ओळ.
एक्काहत्तर नव्हतं तिथं, सतरा होतं.
बोट माझं. तारीखही माझीच.

चारशे सतरा म्हणजे बुटीबोरीचं मागचं गेट.
पत्र्याची खोली, भिंतीला काळा फोन,
खाली स्टुलावर बिसन उईके,
पायाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेला माठ.
मी काही विचारायच्या आत
त्यानं वही पुढं केली. शाळेची, दोनशे पानी.

*पांढुर्ण्याहून फोन. गाडीचा पट्टा तुटला. रातच्याले येत नाही.*
*भिवापूरचा शेठ. चाळीस पोते म्हणते, मोजून पायले तर अडतीस.*
*कोणीच बोललं नाही. मांगं रेल्वेचा आवाज होता.*
*बाई. नाव नाही सांगतलं. नागोराव निघाला का म्हणे.*
*मी म्हटलं निघाला. मंग सावनेरले फोन लावून पायला. निघाला होता.*

रोज सकाळी सहाच्या गाडीसोबत
तो वहीचं पान फाडून पाठवायचा,
ड्रायव्हर ते कळमन्यात देई,
कळमन्याहून ते धरमपेठेत जाई, डब्यांच्या पिशवीत.
मॅडमना वाटे, हे कळमन्याचं टिपण.
कळमन्याला वाटे, हेड ऑफिसची पद्धत.

"तुम्हाला कुणी सांगितलं उचलायला?"
"वाजते ना जी," तो म्हणाला.
"वाजलं तं उचला लागते."

मी परत गेलो. सातवी ओळ. सात, एक.
चाचणी घेतली. एका बाईच्या स्वच्छ आवाजात
यंत्र म्हणालं, आपला निरोप आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
बिलात लिहिलं: किरकोळ दुरुस्ती.

पुढच्या पंधरवड्यात
तिन्ही जागी तो तांबडा दिवा लागला.
धरमपेठ म्हणे, कळमन्यानं ऐकले असतील.
कळमना म्हणे, मॅडम ऐकतात.
दिव्याची डोळ्यांना सवय होते,
देव्हाऱ्यातल्या लाल बल्बची होते तशी.
तीस निरोपांनंतर पेटी भरली
आणि बाईच्या त्याच आवाजात सांगू लागली
की आता जागा नाही.

मला पुन्हा बोलावलं. मी ऐकत बसलो, एकेक करून.
शेठ. शेठ. पट्टा. शेठ.
सतरावा निरोप रिकामा,
फक्त श्वास, आणि मागं कुठंतरी कुकरची शिट्टी,
मग एका बाईचं, फोनपासून लांब गेलेलं,
"राहू दे, मशीन आहे."

तो मी पुसला नाही. काय करायचं ते कळेना.

परतताना वर्धा रोडनं आलो, तसं कारण नव्हतं.
डांबर चपलेला चिकटत होतं.
बिसन स्टुलावरच. वही मांडीवर,
पेन्सिल दोरीनं फोनच्या हुकाला बांधलेली.
मला पाहून उठला, रिसीव्हर उचलून कानाला लावला,
परत ठेवला.

"आवाज तं येते आत," तो म्हणाला.
"मंग वाजत काहून नाही जी?"