हातचा

जेरोटिचच्या तक्त्यात मी चौदावी ओळ आहे.
वर गॅस, खाली झेरॉक्स,
मधे मी: नफुला, हातउसने, पाचशे शिलिंग,
लाल रंगात.
"लाल मी केलेलं नाही," ती म्हणते,
"पंधरा दिवस उलटले की रंग आपोआप चढतो."

एल्डोरेटमधली ही खोली, वर पत्रा,
एक पलंग, एक गादी जमिनीवर (आठवड्याआड अदलाबदल),
आणि तिचा लॅपटॉप, ज्याची बॅटरी कधीच मेली.
त्यामुळे वीज गेली की जमाखर्चही जातो,
आणि आम्ही अंधारात थोडा वेळ
श्रीमंत असतो.

ती सगळं लिहिते.
साबण. मक्याचं पीठ, दोन किलो. सुकुमाची जुडी.
मंदाझी दोन; त्यातला मला दिलेला एक
"इतर"च्या रकान्यात.
एकदा लिहिलं: मीठ, शेजारून मागून, शून्य.
मी म्हटलं, शून्य कशाला लिहायचं?
म्हणाली, नाहीतर मीठ कुठून आलं
ते कळणार कसं?

तिची आई नंदीच्या उतारावर राहते, डेअरीला दूध घालते.
पाच तारखेला फोन थरथरतो.
रक्कम कधी गोल नसते:
दोन हजार एकशे सत्तर.
एक हजार नऊशे पंच्याऐंशी.
आकडा पाहूनच जेरोटिच सांगते
कोणती गाय आटली.

माझ्या घरून, बुंगोमाहून, निरोप येतात.
मी शनिवारी वसतिगृहातल्या पोरींच्या वेण्या घालते,
बारीक, डोक्याला चिकटून, चार-चार तास,
रविवारी माझी बोटं पेन धरत नाहीत.
सरकारी कर्जाचा हप्ता या सत्रात आलाच नाही.
त्याच्यासाठी तिने एक ओळ मोकळी ठेवलीय,
उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवतात तशी.

ऑक्टोबरात मी पाचशे फेडले.
कोपऱ्यावर निळ्या शाईचा डाग असलेली नोट.
ओळ काळी झाली.
सहा दिवसांनी मीच परत मागितले.
मग तिला ताप आला, औषधाला काढून ठेवले, लागले नाहीत.
मग मला. मग तिला.
तीच नोट, तोच डाग,
माझ्या पिशवीतून तिच्या वहीत,
वहीतून पिशवीत,
आणि दर वेळी आम्ही एकमेकींना
मनापासून थँक्यू म्हणायचो.

एका रात्री तिने मलाही तक्ता करून दिला
आणि तिच्याशी जोडला:
माझी शिल्लक तिच्या येण्यावर,
तिचं येणं माझ्या शिलकीवर.
यंत्र अडून बसलं.
या चौकटीचं उत्तर, ते म्हणालं,
या चौकटीवरच अवलंबून आहे.

मी हसले. ती नाही हसली.
उशीपाशी लॅपटॉप, चेहऱ्यावर तो निळसर उजेड,
एक-एक सूत्र उलगडत बसली,
केसांतली गाठ सोडवावी तशी.
मला झोप लागली.

आमच्या शाळेत बेरीज शिकवताना बाई
पाटीच्या कडेला छोटासा आकडा लिहायला लावायच्या.
हातचा.
उत्तरात तो कुठेच दिसत नाही,
मांडून झालं की बोटानं पुसायचा,
पण विसरलात तर
सगळं चुकलं.

सकाळी पाहिलं तर चौदाव्या ओळीत माझं नाव नव्हतं.
लिहिलं होतं: हातचा, पाचशे.
लाल नाही, काळं नाही,
कुठल्याच बेरजेत धरलेलं नाही.
मी काही बोलले नाही. चहा केला,
साखर दोघींची मिळून दीड चमचा.

परवा गॅस संपला, भात अर्धा कच्चा.
नोट गेली. वरचे सातशे तिने घातले.
दुकानदाराने तो डाग उजेडाकडे धरून
बराच वेळ पाहिला,
आम्हीही पाहिला, श्वास धरून,
मग त्याने गल्ल्यात टाकली.

सिलिंडर दोघींनी दोन बाजूंनी धरून आणलं.
वीज होती.
तिने ओळ काढून टाकली नाही.
पाचशे पुसले
आणि तिथे शून्य लिहिलं.