थांब्यानंतर

वॉर्ड सातमधल्या एव्दोकियाबाई
मला इंग्रजी शब्द सोलून द्यायच्या
संत्र्यासारखे.
परीक्षा जवळ आली होती माझी.

"हेलिकॉप्टर? मळसूत्र नि पंख.
आर्थ्रायटिस? हे बघ, माझे सांधे."
मेलबर्नमध्ये चाळीस वर्षं फरश्या पुसूनही
'थ्रू' आणि 'थरो'त त्या अडखळत;
रोगांची नावं मात्र माहेरची.

मंगळवारी डॉक्टर उशाशी
आपसात हळूच बोलले: मेटास्टॅसिस.
दुभाषा अजून लिफ्टमध्येच होता.

"मेता म्हणजे नंतर," त्या मला म्हणाल्या.
"स्तासी म्हणजे थांबा. बस थांबते ना, तो.
लिहून घे, थुई. परीक्षेत येईल."

मी लिहिलं.
स्पेलिंग चुकलं असावं.
त्यांनी चष्मा मागितला.