विस्तव जात नाही

नारीन नदीच्या अल्याड मी, पल्याड माझी जाऊ.
दोन्ही घरांत आता विस्तव जात नाही,
हार्ड डिस्क जाते.

बेक्तेमीर नेतो. तिचा धाकटा, वय वर्षं नऊ.
शाळेच्या वाटेवर, पुलावरून,
उणे चोवीसमध्ये, कोटाच्या आत, अंगाला लावून,
आठवड्याच्या कोकराला नेतात तशी.
गारठली तर ती फिरत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलंय.
मीच सांगितलं असेल.

नक्षी आखायचा प्रोग्रॅम आम्ही एकच घेतला होता,
भांडणाच्या आधी, निम्मे निम्मे पैसे घालून.
बिश्केकच्या दुकानदारानं पावतीवर लिहून दिलं:
दोन कॉम्प्युटर चालतील, पण एका वेळी एक.
वाटणी करावी तर बोलावं लागतं.
म्हणून न बोलता ठरलं,
सोम ते बुध तिचे, गुरू ते शनी माझे,
रविवारी तो कुणाचाच नाही.

पहिल्या गुरुवारी वायर जोडली.
निळा दिवा लागला, आत काहीतरी घुरघुरलं,
फोल्डर दिसला, त्यातलं चित्र दिसलं, टिचकी मारली,
आणि पडदा म्हणाला, सापडत नाही.
अरे, समोर तर आहे!

सामान सगळं आलं होतं. पत्ता तेवढा तिचा होता.
तिच्याकडे या डिस्कला ई म्हणतात, माझ्याकडे एफ.
तो बिचारा ईच्या दारावर थापा मारत बसलेला,
आणि माझ्या घरात ई म्हणजे
सीडीचा मोडका खण,
ज्यात मी सुया ठेवते.

तीन रात्री गेल्या तेव्हा कळलं,
दोघींनी तिला एकाच अक्षरानं हाक मारायची.
ई मी घेणार नाही.
एफ ती घेणार नाही, बावीस वर्षं ओळखते मी तिला.
मग दोघींपासून लांबचं, अगदी शेवटचं, झेड.

पण सांगायचं कसं?
फोन नाही. निरोप नाही,
बेक्तेमीर निरोपात पदरचं घालतो.
डिस्कवर एक नवा फोल्डर केला,
आत काहीच ठेवलं नाही, नावच लांबलचक दिलं:
बुरुलचा अक्षर झेड कर आणि नव्यानं बसव

पुढच्या गुरुवारी डिस्क आली.
फोल्डर रिकामाच. नाव बदललेलं:
केलं पण आधी त्या खणातल्या सुया काढ

मी चहा ओतून घेतला. तो तसाच राहिला.

शिर्दाक कापताना दोन नमदे एकावर एक ठेवतात,
एक काळा, एक पांढरा.
सुरी दोन्हींतून एकदमच फिरते.
काळ्यातलं शिंग पांढऱ्यात बसवायचं, पांढऱ्यातलं काळ्यात.
चिंधी वाया जात नाही, आणि गालिचे होतात दोन.
कुणाचा कुठला, तो कितीला गेला,
ते मी आता उगाळत बसत नाही.
(तो माझा होता.)

सुया काढल्या. सत्तावीस निघाल्या, एक तिची, वाकडी.
झेड उघडलं. प्रोग्रॅम सुरू झाला, कुरकुर न करता,
आणि तिचं शेवटचं काम तसंच पडद्यावर,
मेंढ्याचं शिंग, डावीकडचं,
उजवी बाजू कोरी.
बुधवारी रात्री तिकडे लाईट गेली असेल.
पल्याड नेहमीच जाते.

शनिवारपर्यंत मी माझीच कामं केली.
रात्री उशिरा ते शिंग उघडलं,
मिटलं,
पुन्हा उघडलं.

सोमवारी सकाळी 'सुरक्षितपणे काढा' दाबलं,
दिवा विझेपर्यंत थांबले.
डिस्क हातात कोमट.
बेक्तेमीर दारात पाय आपटत उभा, कोटाची बटणं उघडी.
काकू, दे लवकर, म्हणाला,
निवतेय.