कॉफीआधीचा अर्धा तास

साडेपाचला उठते. गोळी, ग्लासभर पाणी,
आणि मग अर्धा तास या घरात काहीच घडत नाही.

कॉफीचं भांडं शेगडीवर भरून ठेवलंय,
खाली पाणी, वर पूड, फक्त आच द्यायची बाकी.
पण गोळीला कॉफी चालत नाही, दूध चालत नाही,
चीज तर जवळपासही नको.
मेंढपाळाच्या घरात!
सासू हयात असती तर म्हणाली असती,
ही गोळी आहे की जावई?

त्या ऑगस्टमध्ये सार्डिनियातले दगडही तापून फुटायला आले होते
आणि मी पोस्टाच्या खिडकीत लोकरी जाकीट घालून.
पेन्शनला आलेले म्हातारे एकमेकांना कोपरं मारायचे.
मला वाटलं, वय. मला वाटलं, उन्हाळा लागला.
न्हाणीच्या जाळीत केसांचा बोळा,
भुवयांची टोकं कुठे गेली कोण जाणे.
मग एक दिवस समोर त्सिया माल्लेना,
जिच्या अंगणात मी चालायला शिकले,
आणि मला तिचं नाव आठवेना.
तारखेचा शिक्का हातात तसाच वर राहिला.
तिने काचेवर बोटाने नाव लिहिलं,
सावकाश, मागच्या रांगेला दिसू न देता.

नुओरोच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर फुलपाखरू काढलं,
ग्रंथी अशी दिसते म्हणाल्या.
प्रेदूला तो मेंढीचा खूर वाटला.
"हिच्या राखणदारांनीच हिला खायला घेतलंय."
"राखणीचा कुत्राच?"
"कुत्राच."
"असल्या कुत्र्याला आमच्याकडे एकच इलाज. गोळी."
"इथेही गोळीच. पण ती कुत्र्याला लागत नाही.
दूध जेवढं कमी पडेल तेवढं बाहेरून आणायचं,
रोज, जन्मभर."
"आणि मेंढ्या?"
बाईंनी पुढचा कागद ओढला.
घाट उतरेपर्यंत प्रेदू एका हाताने गाडी चालवत होता,
दुसऱ्या हाताने टोपी चुरगाळत.

पन्नास. पंच्याहत्तर. शंभर.
दर वेळी सहा आठवडे थांबायचं, मग रक्त.
सहा आठवड्यांत कोकरू बाजारात जातं.
आकडा चढला की मी उतरते,
आकडा उतरला की मी चढते,
हे उलटं गणित प्रेदूने फ्रिजवर लिहून ठेवलंय.

शंभरवर असताना
छातीत कुणीतरी एकावर एक शिक्के मारत होतं.
रात्री तीनला मी कपाटाच्या कड्या घासल्या,
पडदे उतरवले, परत लावले,
आणि सकाळी गाविनाला फोन करून
आईच्या ऑलिव्हच्या तुकड्यावरून
असं काही बोलले, जे सख्ख्या बहिणीला बोलू नये.
शब्द सगळे माझेच होते.
वेग माझा नव्हता.
आता माफी कुणी मागायची,
मी की ते जास्तीचे मायक्रोग्रॅम?

सध्या अठ्ठ्याऐंशी.
इतका विचित्र आकडा की त्यावर विश्वास बसतो.
जाकीट खुंटीवर आहे. नावं आठवतात,
काही संध्याकाळी नाही आठवत.
गुरुवारी बरी होते, शुक्रवारी जिना दुप्पट उंच झाला.
"बरी आहेस ना?" लोक विचारतात,
मी "आज?" म्हणते, आणि ते हसतात.

ईस्टरला चर्चच्या पायऱ्यांवर गाविना दिसली.
बोललो नाही.
पण उन्हात तिची भुवई मी पाहिली, टोकाशी विरळ,
आणि गळ्याभोवती रुमाल, एवढ्या उकाड्यात.

पावणेसहा.
उजाडायला अजून वेळ आहे, कुत्रा अंगणात झोपलाय,
आमचा खरा कुत्रा, तेरा वर्षांचा, बिनदाती.
या अर्ध्या तासात दुसरं करायचं तरी काय.
फोन उचलला.
पहिल्याच घंटेला तिने घेतला.

बराच वेळ दोघी गप्प.
मग मीच म्हटलं, "कॉफी झाली?"
"अजून नाही," गाविना म्हणाली,
"चौदा मिनिटं आहेत."