भिंतीकडची बाजू

आईनं ॲल्युमिनियमचं झाड आणलं
तेव्हा मी नऊ वर्षांची,
आणि डुलूथमध्ये थंडी अशी, की
खनिजाच्या धक्क्यावरून बाबा घरी यायचे
ते भुवया पांढऱ्या करूनच.

खोक्यात एक्याण्णव फांद्या,
प्रत्येक फांदीला कागदाची बाही.
आई एकेक बाही सरकवून काढायची,
झबल्यातून बाळाचा हात काढावा तशी,
आणि बाह्या मोजून परत ठेवायची.
हॉटेलातल्या खोल्या झाडून साठवलेले डॉलर होते ते.
कुणाची छाती होती नाक मुरडायची?

साइमी आत्याची होती.
तिनं काडाचं झुंबर केलं होतं,
दोऱ्यात ओवून, जेवणाच्या टेबलावर टांगायला,
कुणी नुसतं दार उघडलं तरी गिरकी घेणारं.
ती म्हणाली, "इंपी, हे बादल्यांचं झाड."
आई काही बोलली नाही.
झुंबर मात्र त्या वर्षी माळ्यावर गेलं.

त्या झाडावर दिवे लावायची सोय नव्हती, शॉक बसायचा.
म्हणून जमिनीवर एक चाक:
लाल, निळं, हिरवं, पिवळं,
मागे बल्ब, खाली मोटर.
कुर्रर्र… थांबल्यासारखं… कुर्रर्र…
रेइनो आणि मी पोटावर पडून बघायचो.
झाड लाल, बाबांचे मोजे लाल.
झाड निळं, आणि खुर्चीत
गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसलेली आई निळी,
मग हिरवी, मग लिंबाच्या सरबतासारखी.
तेवढा वेळ तिला हाक मारायची नाही,
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

चौदाव्या वर्षी मला त्या झाडाची लाज वाटायला लागली.
मैत्रिणी येणार असल्या की
मी चाकाची पिन हळूच काढून ठेवायची.
आईनं एकदा पाहिलं.
पुढच्या डिसेंबरात झाड निघालंच नाही.
मी विचारलं नाही. कधीच नाही.

माझं घर झालं तेव्हा माझ्याकडे अभिरुची होती.
हा शब्द मी मासिकांतून उचलला होता.
फक्त पांढरे दिवे.
निळ्या मखमली फिती, सगळ्या एका मापाच्या.
कायसानं बालवाडीत केलेला मॅकरोनीचा तारा
मी लावायची, नाही असं नाही,
पण भिंतीकडच्या बाजूला.

परवा भांडी पुसता पुसता ती सहज म्हणाली,
"मी रात्री उठून झाडामागे शिरायचे.
आहे ना अजून, ते बघायला."
मी ताट पुसत राहिले,
कोरडं झालं होतं तरी.

तिच्याकडे आता सगळं ओटमीलच्या रंगाचं.
लोकरीच्या गोळ्यांची माळ, बिनरंगाचे लाकडी तारे,
आणि टेबलावर, बघा तरी,
काडाचं झुंबर! दुकानातून, नव्वद डॉलरला.
किंमत ऐकून साइमी आत्या पुन्हा एकदा गेली असती.
आणि आईच्या झाडासारखं झाड
मी जुन्या वस्तूंच्या दुकानात पाहिलं,
काचेच्या कपाटात, बाह्यांसकट.
हात लावू नये, अशी पाटी.

ओत्सोला, माझ्या नातवाला,
हवा होता हवा भरून फुगणारा बर्फाचा माणूस,
नऊ फुटी, पोटात दिवा असलेला.
कायसा म्हणाली, "हे ध्यान? आपल्या अंगणात?"
आणि साथीला माझ्याकडे बघितलं.
मी पर्स उघडली.

दिवसा तो पालथा पडलेला असतो,
न्यायला कुणीच न आलेल्या दारुड्यासारखा.
संध्याकाळी ओत्सो बटण दाबतो.
आधी पोट उठतं, मग खांदे,
मग एकदम गाजराचं नाक.
समोरचे नॉर्डविक पडदे ओढून घेतात.
घेवोत.

काल झोप येईना, म्हणून खिडकीशी गेले.
सरोवरावरून वारा सुटलेला,
बर्फावर त्या पोटाचा निळसर उजेड,
आणि काचेपलीकडून त्याचा पंखा:
कुर्रर्र… थांबल्यासारखा… कुर्रर्र…

मी खुर्ची ओढली.
पाय तेवढे पाण्यात नव्हते.