निपात

एल्स्पेट क्रुकशँकच्या खोलीत
हेरिंगच्या अकरा पेट्या होत्या.
बापानं टॉरीच्या धक्क्यावरून आणून दिलेल्या,
तीनदा सोडा लावून घासलेल्या,
तरी हवा ओली झाली की त्यांना समुद्र आठवायचाच.
पेट्यांत कार्डं. कार्डांवर एकच शब्द,
दोन अक्षरांचा, जुन्या ग्रीकमधला,
ज्याला स्वतःचा असा अर्थ नाही.

मी विभागाची टंकलेखिका. ग्रीक मला येत नाही,
बोटांना येतं.
पहिल्याच आठवड्यात विचारलं,
अर्थच नाही तर एवढी कार्डं कशाला?
ती म्हणाली, कागदावर भुवई उमटत नाही ना,
ती वर गेली की तिथं हा शब्द.
मग खिडकीतल्या कुरवाकडे बघत:
"आई म्हणायची, शिकायला जा.
बाप म्हणाला, जाच.
दोन्हींत किती मैल आहेत, सांग."

सतराव्या वर्षी शिष्यवृत्तीवर आली ती
हातमोजे घालून. जूनमध्ये.
मासे चिरताना झालेले व्रण दिसू नयेत म्हणून.
चोविसाव्या वर्षी पहिला लेख. साभार परत.
एकतिसाव्या वर्षी तोच,
एक स्वल्पविराम हलवून. स्वीकृत.
प्राध्यापकपद दोनदा रिकामं झालं,
दोनदा दक्षिणेच्या गाडीतून कुणीतरी उतरलं
आणि तिनंच त्यांना ग्रंथालयाचा रस्ता दाखवला.

पादुआच्या ब्रागादिन यांच्याशी
एका स्वरचिन्हावरून एकोणतीस वर्षं भांडण.
ते गेल्याची तार आली त्या दिवशी
तिनं तास घेतला, पूर्ण घेतला,
संध्याकाळी मला एक कार्ड टंकायला दिलं:
ब्रागादिन यांचं बरोबर असावं.
"च" तिनं नंतर शाईनं घातला.

मग ते पत्र आलं. मीच फोडलं.
विभाग बंद. उरलेले तीन विद्यार्थी ग्लासगोला.
पेट्यांविषयी पत्रात काही नव्हतं.

त्याच वसंतात जर्मनीतल्या कोशात
तिच्या शब्दाला दीड स्तंभ मिळाला,
मुंगीएवढ्या टायपात. तळाशी: ए. क्रु.
भिंग लावून तिनं वाचला, दोनदा,
एक मुद्रणदोष सापडला,
आणि खूश झाली. मी पाहिलंय, खरंच खूश.

शेवटच्या शुक्रवारी समुद्रावरून धुकं आलेलं,
समोरचा ग्रॅनाइटचा मनोरा कंबरेपासून वर नाहीसा.
ती कोट घालून दारात.
"येते," म्हणाली.
मी किंचित थांबले,
पुढं आणखी काही लावते का म्हणून.
तेवढ्यात बस आली.

पेट्या आमच्या पोटमाळ्यावर आहेत.
ओल्या हवेत घरभर वास सुटतो.
नवरा म्हणतो, टाकून दे.
टाकून देच
असं अजून म्हणाला नाही.