पाच पाटे, मग तीन

खालची चौकट मीच वेल्ड केली,
लोहामंडीतून आणलेल्या दोन इंची चॅनेलची,
आणि ॲक्सल थेट तिलाच डकवला.
वर उभा राहून उड्या मारल्या, जराही हललं नाही.
हलता कामा नये, एवढंच मला कळत होतं.
त्यावर प्लायचं खोकं, पत्र्याचं छप्पर,
आणि एक खिडकी, कुंदाने बसच्या भंगारातून निवडलेली.
तिच्यावर अजून लिहिलेलं आहे: केवल महिलाएँ.

पहिल्यांदा निघालो चोरलला.
तेजाजी नगरपर्यंत ठीक.
सिमरोलच्या घाटात मागून आवाज यायला लागले,
आधी भांड्यांचे,
मग भांडी नसलेल्या गोष्टींचे.
नदीकाठी दार उघडलं तर
जिरावनची बरणी फुटलेली,
गादी पिवळी, उशा पिवळ्या,
अंडी जिथे होती तिथे अंडी नव्हती,
आणि स्टोव्हचे चारही स्क्रू निघून
माझ्या एका चपलेत जमलेले.
कुंदाने त्यातला एक उचलला. म्हणाली,
"यांना तरी उतरायचं सुचलं."
रात्रभर आळीपाळीने शिंकलो.

देवास नाक्यावरून टेम्पोचे पाटे आणले,
पाच-पाचांचे दोन गठ्ठे, जुन्या ग्रीसने काळे.
किती विटा, किती सोयाबीन,
कुणाच्या लग्नाचा मंडप वाहिला असेल त्यांनी,
भंगारवाल्याला विचारलं.
तो म्हणाला, किलोच्या भावाने आहेत.

ॲक्सल सोडवायला ग्राइंडर लावला.
स्वतःचंच वेल्डिंग कापवत नाही,
त्यातून ते चांगलं झालेलं असेल तर फारच.
गच्चीतून बोरगावकर दोनदा डोकावले.
मग यू-बोल्ट, बुश, आणि मागे लोंबतं शॅकल:
पाटा दबला की लांबतो,
त्या वाढलेल्या लांबीला कुठेतरी जावं लागतं.
हे मी कुंदाला समजावत होतो. ती चहा गाळत होती.
"म्हणजे एक टोक घट्ट, एक टोक मोकळं."
हो.
"आणि तुम्ही सगळंच घट्ट केलं होतंत."
तेव्हा पाटेच नव्हते गं.
तिने गाळणं आपटलं, दोनदा,
चोथा काढण्यापुरतंच.

एवढं करून गाडी तशीच उडायची.
घीसालाल मिस्त्री खाली वाकला, पाट्यांवर हात फिरवला,
विचारलं, "भिया, वजन कित्ता है?"
सगळं मोजलं होतं मी. मिलिमीटरमध्ये.
वजन नव्हतं मोजलं.

धर्मकाट्यावर नेली.
कुंदा आतच, गादी झटकत बसलेली.
काटेवाला ओरडला, "मॅडम उतरेंगी?"
"नहीं उतरेंगी," ती खिडकीतून.
चारशे साठ.
घीसालाल हसला, दात नसलेल्या बाजूने.
"ये पत्ते ढाई टन वाले हैं।
इनको तो पता ही नहीं चला कि तुम बैठे हो।"
मग त्याने दोन्हीकडचे दोन-दोन काढून टाकले.
काढून टाकण्याचे पैसेही घेतले.

त्यातल्या एका पाट्याने कुंदा आता मोगऱ्याची माती उकरते.
बाकीचे तीन जिन्याखाली.

परवा पुन्हा चोरल.
आरशात बघत होतो: खोकं खड्ड्यात उतरलं,
किंचित थांबलं, वर आलं.
आमची कारच जास्त आदळत होती.
बारातलं एक अंडं फुटलं, तेही मी काढताना.
गादीला जिरावनचा वास अजून आहे.

रात्री एक गोष्ट लक्षात आली.
एकाने कूस बदलली
की अख्खं खोकं हळूच झुलतं,
दुसऱ्याला जाग येते.
आधी असं व्हायचं नाही.
"जागे आहात?" तिने विचारलं.
नदीचा आवाज, आणि एका पाट्याची कुरकुर.

घीसालाल म्हणतो, चारी कोपऱ्यांना टेकू लावा,
दोनशे रुपयांचं काम आहे.
अजून लावलेले नाहीत.